जादा काम, जादा तास : सोलापुरात नव्याने आलेल्या कुटुंबासाठी घरदुरुस्ती आणि पाळणाघराच्या फीचा हिशेब

बदली होऊन किंवा नव्या नोकरीनिमित्त सोलापुरात आलेल्या कुटुंबाला पहिल्या काही महिन्यांत दोघांशी पैशाचा व्यवहार करावाच लागतो. एक घरात तोडफोड करणारा ठेकेदार, दुसरं मूल सांभाळणारं पाळणाघर. दोन्हीकडे ठरलेल्या दरावरून भांडण क्वचितच होतं. भांडण होतं ते 'जादा'वरून. भिंत पाडल्यावर निघालेलं जादा काम, संध्याकाळी उशीर झाल्याची जादा फी, सुट्टीच्या महिन्यातही मागितलेले पूर्ण पैसे. सुरुवातीला विचारलं तर उत्तर येतं, "होतंय की ओ साहेब, नंतर बघू." हे 'नंतर' आधीच कागदावर आणायचं कसं, आणि तरीही वाद झालाच तर कुठे जायचं, ते पुढे सांगितलं आहे.

घर कोणत्या जातीचं आहे ते आधी बघा

सोलापुरात एकाच गल्लीत तीन प्रकारची घरं सापडतात. जुन्या पेठांमध्ये मातीत बांधलेल्या दीड-दोन फुटी दगडी भिंती आणि वर माळवद, म्हणजे लाकूड-मातीचं सपाट छत. त्यानंतरच्या काळातली लोडबेअरिंग, म्हणजे वजन भिंतींवरच पेलणारी, विटांची घरं, वर स्लॅब किंवा पत्रा. आणि जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड या बाजूला कॉलम-बीमच्या सांगाड्यावरचे फ्लॅट आणि रो-हाऊस. 'ही भिंत काढून हॉल मोठा करू' हे वाक्य तिन्ही घरांत वेगवेगळ्या किमतीचं असतं.

कॉलम-बीमच्या घरात साडेचार इंची आतली भिंत बहुधा नुसता आडोसा असते. तरीही तिच्या वर बीम आहे का, हे स्लॅबच्या तळाशी बघून खात्री करा. लोडबेअरिंग घरात नऊ इंची प्रत्येक भिंत वरचं वजन पेलते, असंच धरून चाला. तिच्यात दरवाजाएवढं भोक पाडायचं असेल तरी आधी वरच्या भागाला टेकू, मग लिंटेल (भोकावरची आडवी पट्टी), लिंटेल दोन्ही बाजूंना किमान सहा ते नऊ इंच भिंतीवर टेकलेलं, आणि त्यानंतरच खालची भिंत फोडायची. क्रम उलटा झाला तर भोकाच्या कोपऱ्यांतून वर तिरकी भेग जाते. ती लांबी (पुट्टी) भरून लपते, थांबत नाही.

माळवदाची गोष्ट सगळ्यात नाजूक. लाकडी तुळया, त्यावर पाट्या आणि त्यावर मातीचा थर, अशी ती रचना असते. थर एक फुटाचा असेल तर एका चौरस मीटरवर सुमारे पाचशे किलो वजन बसतं. गळायला लागलं की दर उन्हाळ्यात वर पांढऱ्या मातीचा आणखी एक हात मारायची पद्धत आहे. वजन वाढत जातं आणि भिंतीत घुसलेलं तुळईचं टोक ओलाव्याने आतून कुजत राहतं. म्हणून माळवद गळत असेल तर माती टाकण्याआधी तुळईची टोकं टोचून बघा. पेचकस सहज अर्धा इंच आत गेला तर ती तुळई बदलायच्या यादीत. अशा छतावर हजार लिटरची पाण्याची टाकी ठेवायची नाही. भरलेल्या टाकीचं वजन एक टन होतं. टाकी हवी असेल तर जमिनीवरून उभा केलेला स्वतंत्र लोखंडी स्टँड करा.

जुनं घर विकत घेऊन मोठा बदल करणार असाल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा घर दाखवाच. त्याच्या फीत काटकसर करून लोक पुढे मॉड्युलर किचनवर दुपटीने खर्च करतात.

परवानगी कुठे लागते

रंग, गिलावा, फरशी बदलणं, आतल्या आत दरवाजे-खिडक्यांची दुरुस्ती, फॉल्स सीलिंग, नळकाम, वायरिंग यांसाठी महानगरपालिकेची बांधकाम परवानगी सहसा लागत नाही, मात्र इमारतीच्या मजबुतीला धक्का लागता कामा नये. एखादी खोली वाढवणं, गच्चीवर पत्र्याचं शेड, बाल्कनी खोलीत घेणं, समासातल्या (घराभोवती सोडलेल्या) मोकळ्या जागेत जिना किंवा शौचालय, छताची उंची वाढवणं, या सगळ्याला लागते. राज्यात २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. अर्ज परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरमार्फत ऑनलाइन जातो. विनापरवाना बांधकामाला महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ खाली किंवा महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६० खाली नोटीस येऊ शकते आणि मालमत्ता करात शास्ती बसू शकते. 'शेजाऱ्याने केलंय, कोण विचारतंय' या सल्ल्यावर विसंबू नका. तक्रार बहुतेक वेळा त्याच शेजाऱ्याकडून जाते.

घर गावठाणातलं असेल तर प्रॉपर्टी कार्ड, बाहेरच्या वसाहतीतलं असेल तर सातबारा आणि बिगरशेती आदेश आधी हातात घ्या. गुंठेवारीतला (मंजुरीविना गुंठ्यांनी पाडून विकलेला) प्लॉट असेल तर तो नियमित झाल्याचा कागद नसताना वाढीव बांधकामाचा विषयच काढू नका.

फ्लॅटमध्ये सोसायटीला लेखी अर्ज द्या: कोणती भिंत, कोणते दिवस, कामाचे तास, राडारोडा कोणत्या जिन्याने उतरणार. नव्या फ्लॅटबाबत एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. रेरा (स्थावर संपदा) कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनाखर्च दुरुस्त करायचा असतो. तुम्ही मधेच बाथरूम फोडलंत तर पुढच्या गळतीचा दोष बिल्डर तुमच्यावर ढकलणार. गळती असेल तर आधी फोटो आणि लेखी तक्रार, तोडफोड नंतर.

भाड्याच्या घरात मालकाची लेखी परवानगी घ्या. व्हॉट्सॲपवरचं 'करा की' पुरेसं नाही. कोणता बदल जाताना तसाच ठेवायचा, कोणता काढून न्यायचा आणि खर्च भाड्यातून वळता होणार का, या तिन्ही गोष्टी एकाच कागदावर हव्यात.

ठेका लिहिताना

इथे काम दोन तऱ्हांनी दिलं जातं. 'मजुरी ठेका' म्हणजे माल तुमचा, मजुरी चौरस फुटाने, आणि 'मटेरियलसह'. नव्या माणसाला दुसरा प्रकार सोपा वाटतो, पण त्यात मालाचा ब्रँड आणि प्रमाण लिहिलं नाही तर ठेकेदाराची सगळी बचत तुमच्या भिंतीतून होते. छोट्या दुरुस्तीला मजुरी ठेकाच बरा. माल स्वतः आणायचा तर साधारण अंदाज असा: साडेचार इंची भिंतीला शंभर चौरस फुटांमागे साडेचारशे ते पाचशे विटा. आतल्या बाजूला अर्धा इंच जाडीचा एकास चार (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) गिलावा असेल तर शंभर चौरस फुटांना साधारण एक गोणी सिमेंट आणि चार-पाच घनफूट वाळू. वाळू ब्रासने मिळते. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. ट्रॉली आली की रिकामी करायच्या आधी तिची लांबी, रुंदी आणि वाळूची उंची टेपने मोजा. ढिगाऱ्याचं माप नंतर कुणालाच पटत नाही.

करारात माप कसं घ्यायचं तेही लिहा. गिलाव्याच्या बिलावरून होणारी निम्मी भांडणं दरवाजा-खिडकी वजा करण्यावरून असतात. प्रचलित भारतीय मानकाचा नियम असा: अर्धा चौरस मीटरपर्यंतचं भोक वजा करायचं नाही. अर्धा ते तीन चौरस मीटरचं असेल तर भिंतीच्या एकाच बाजूचं वजा, कारण कडांच्या गिलाव्याची भरपाई दुसऱ्या बाजूतून होते. त्याहून मोठं असेल तर दोन्ही बाजूंचं वजा आणि कडांचं माप वेगळं धरायचं. हे एक वाक्य लिहिलं की शेवटच्या दिवशी टेप घेऊन वाद घालावा लागत नाही.

आता मुख्य गोष्ट. करारात 'जादा काम' नावाचा वेगळा परिच्छेद ठेवा आणि त्यात निघण्याची शक्यता असलेल्या कामांचे दर आधीच भरा: जुना गिलावा पोकळ निघाला तर तो काढून नवा करण्याचा चौरस फुटाचा दर, जुनी पाइप सडलेली निघाली तर फुटाचा दर, राडारोड्याच्या एका ट्रॉलीचा दर, मिस्त्री आणि बिगारी यांची एका दिवसाची हजेरी. त्याखाली एक ओळ:

"वरील यादीबाहेरचे कोणतेही काम मालकाच्या लेखी होकाराशिवाय (मोबाइल संदेश चालेल) सुरू करू नये. होकार नसलेल्या कामाचे पैसे देय राहणार नाहीत."

पैसे टप्प्यांनी. समजा बाथरूम-किचनचा ठेका २,००,००० रुपयांचा आहे. सुरुवातीला २०,०००. तोडफोड होऊन राडारोडा उचलल्यावर ३०,०००. नळकाम, वायरिंग, गिलावा होऊन पाण्याची चाचणी पार पडल्यावर ६०,०००. फरशी-टाइल पूर्ण झाल्यावर ६०,०००. दारं आणि फिटिंग बसल्यावर २०,०००. उरलेले १०,००० दोन महिन्यांनी किंवा पहिल्या मोठ्या पावसानंतर. दर आठवड्याला मजुरांच्या पगारासाठी उचल मागितली जाणार. ती द्या, अडवू नका. पोरांचा आठवडी बाजार त्यावर असतो. पण एका वहीत तारीख, रक्कम आणि 'टप्पा ३ पैकी' असं लिहून ठेकेदाराची सही घ्या. उचलीची बेरीज त्या टप्प्याच्या पुढे जाऊ देऊ नका. अर्धं काम टाकून गेलेल्या ठेकेदारांची कहाणी बहुतेक इथूनच सुरू होते: झालेल्या कामापेक्षा घेतलेले पैसे जास्त झाले की परत येण्यात त्याचा फायदा उरत नाही.

बिलात जीएसटी लावला असेल तर त्याचा नोंदणी क्रमांक बिलावर हवा. नोंदणी नसलेल्याला जीएसटी वसूल करता येत नाही.

काम चालू असताना

सोलापुरात हंगाम निवडणं म्हणजे अर्धं काम. संक्रांतीची गड्डा यात्रा उरकली की फेब्रुवारी-मार्च हा ओल्या कामाचा सगळ्यात चांगला काळ. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि सकाळी केलेला गिलावा दुपारीच कोरडा दिसतो. दिवसातून चार वेळा पाणी मारलं नाही तर त्यावर केसासारख्या भेगांची जाळी उमटते. सिमेंटच्या कामाला इथल्या उन्हाळ्यात किमान दहा दिवस पाणी हवं, स्लॅबला चौदा. महापालिकेचं पाणी रोज येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येतं. म्हणून काम सुरू होण्याआधी दोनशे लिटरचे दोन-तीन पिंप फक्त पाणी मारण्यासाठी भरून ठेवा. चवीला मचूळ लागणारं बोअरचं पाणी सिमेंटच्या कामाला वापरू नका. वर्षभराने भिंतीला लोणा (पांढरा क्षार) लागतो, रंगाचे पापुद्रे सुटतात आणि तेव्हा रंगाच्या कंपनीला दोष दिला जातो.

बाथरूममध्ये चूक होते ती उतारात आणि भरावात. उतार आठ फुटांना एक इंच, नहाणी ट्रॅपच्या (पाणी जायच्या जाळीच्या) दिशेने. गवंड्यासमोर पाण्याचा तांब्या ओतून बघा, डबकं राहिलं तर टाइल चिकटण्याआधीच दुरुस्त करता येतं. फ्लॅटच्या खोलगट स्लॅबमध्ये तोडलेल्या टाइलचा राडारोडा भरून टाकायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. सोय होते, ट्रॉलीचे पैसे वाचतात, पण त्या तुकड्यांच्या फटीत पाणी साचून राहतं आणि खालच्या घराच्या छतावर ओल येते. वॉटरप्रूफिंग झालं की ट्रॅप बंद करून ४८ तास पाणी भरून ठेवा आणि दोन दिवसांनी खालच्या मजल्यावर जाऊन छताचा फोटो काढा. पाण्याच्या चाचणीचा टप्पा म्हणजे हाच. तो फोटो नसेल तर ६०,००० सोडू नका.

भिंतीत पाइप किंवा वायर घालायला खाच मारताना उभी खाच भिंतीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत चालते, आडवी मात्र सहाव्या हिश्श्यापर्यंतच. साडेचार इंची भिंतीत म्हणजे उभी दीड इंच, आडवी पाऊण इंच. कॉलम आणि बीम यांना छिन्नी लावायचीच नाही.

वायरिंगला दिवे-पंख्यांसाठी दीड चौरस मिलिमीटर, सोळा अँपिअरच्या पॉइंटला अडीच, एसी आणि गीझरला चार. वायरची पेटी सीलबंद समोर उघडून घ्या. दीड टनाचा एसी आणि दोन किलोवॅटचा गीझर एकदम चालला तर साडेतीन किलोवॅटच्या आसपास भार जातो. महावितरणच्या बिलावरचा मंजूर भार एक-दोन किलोवॅट असेल तर आधी तो वाढवून घ्या. मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा आणि अर्थिंग खरंच जमिनीत गेलं आहे ना, ते तपासा. जुन्या घरांत अर्थिंगची हिरवी वायर पेटीत येऊन संपलेली असते.

फरशीला इथे शहाबादी आणि तांदूर जवळच्या भागातून येते, त्यामुळे परवडते आणि उन्हाळ्यात पायाला गार लागते. गच्चीवर आणि मागच्या अंगणात तीच बरी. चकचकीत व्हिट्रीफाइड टाइलच्या मागे लागून अंगणात घसरणारे पुष्कळ आहेत.

हौद आणि मूल

पाणी अंतराने येत असल्यामुळे इथे घराघरांत जमिनीतला हौद असतोच. किती मोठा हवा? माणशी दिवसाला १३५ लिटर हे प्रचलित प्रमाण धरलं तर चार माणसांना रोज ५४० लिटर; चार दिवसांची बेगमी म्हणजे जवळपास सव्वादोन हजार लिटर. नळाच्या लाइनला थेट मोटार लावणं बेकायदा आहे. पाणी आधी हौदात पडू द्या, मोटार हौदातून वर चढवायला.

लहान मूल असेल तर घरातलं पहिलं काम किचनचं नव्हे, हौदाच्या झाकणाचं. जुन्या हौदांवर शहाबादीचा सुटा तुकडा किंवा पत्रा ठेवलेला असतो. त्याऐवजी चौकटीत बसणारं, बिजागरीचं लोखंडी किंवा फायबरचं झाकण आणि कुलूप. चौकट भोवतालच्या फरशीपेक्षा तीन-चार इंच उंच, म्हणजे अंगण धुतलेलं पाणीही आत जात नाही. पाणी येण्याच्या वेळी घाईत झाकण उघडं राहतं. म्हणून तोंडावर आतून चार इंच अंतराच्या सळ्यांची जाळी कायमची बसवून घ्या. वेल्डरचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. गॅलरीच्या कठड्याच्या सळ्यांतही चार इंचांपेक्षा जास्त फट नको आणि आडव्या पट्ट्या नकोत, मूल त्यावरून शिडीसारखं चढतं.

पाळणाघराची फी

काम चालू असताना धुळीतून मुलाला बाहेर ठेवायला म्हणून पाळणाघर शोधलं जातं आणि तेही घाईत. तिथे पहिल्या भेटीत 'महिन्याला किती' एवढंच विचारलं जातं. विचारायचं असतं ते पुढचं.

प्रवेश फी वेगळी आणि डिपॉझिट वेगळं. प्रवेश फी परत मिळत नाही असं बहुतेक ठिकाणी ठरलेलं असतं. डिपॉझिट परत मिळायला हवं. पावतीवर यापैकी कोणता शब्द आहे ते वाचा. 'ॲडव्हान्स' लिहिलेलं असेल तर तिथल्या तिथे 'डिपॉझिट, मूल काढताना परत किंवा शेवटच्या महिन्यात वळते' असं लिहून घ्या.

मग जादा तास. समजा वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ६, उशिराचे अर्ध्या तासाला ५० रुपये. तुमची ड्युटी सहाला सुटते आणि तुम्ही सहा वीसला पोहोचता. वीस मिनिटं म्हणजे अर्धा तास धरला तर महिन्याच्या २२ दिवसांचे ११०० रुपये होतात, आणि फीइतकाच कडवटपणा. पहिल्याच दिवशी विचारा: किती मिनिटं सवलत? हिशेब पंधरा मिनिटांचा की अर्ध्या तासाचा? नोंद कोण ठेवतं? रोज साडेसहापर्यंतची पक्की वेळ ठरवून महिन्याला चार-पाचशे रुपये वाढवून देणं दोघांनाही परवडतं. उशिराची नोंद दारावरच्या वहीत दोघांच्या सहीने हवी. महिनाअखेरीला पाळणाघराच्या ताईंनी आठवणीतून सांगितलेला आकडा आणि तुमच्या आठवणीतला आकडा कधीच जुळणार नाही.

सुट्ट्या. दिवाळीत पाळणाघर दहा दिवस बंद राहिलं तर फी पूर्ण? मूल आठ दिवस तापाने घरी असेल तर? मे महिन्यात मामाच्या गावी गेलं तर जागा राखून ठेवायला निम्मी फी चालेल का? यात पाळणाघराचीही बाजू समजून घ्या. सांभाळणाऱ्या मावशींचा पगार आणि जागेचं भाडं मुलाच्या तापामुळे कमी होत नाही. म्हणून आजारपणाच्या चार-पाच दिवसांची वजावट मागणं टिकत नाही. पण पाळणाघर स्वतः बंद ठेवलं त्या दिवसांची, ठरलेल्या सुट्ट्यांच्या यादीत ते दिवस नसतील तर, वजावट मागणं रास्त आहे. पंधरा दिवसांहून लांब गैरहजेरीला निम्मी फी, आठवडाभर आधी कळवून, ही तडजोड बऱ्याच ठिकाणी मान्य होते.

मूल काढताना एक महिन्याची नोटीस ही सर्वसाधारण अट. ती व्हॉट्सॲपवर तारखेसह द्या: "आमचा मुलगा ३१ तारखेपर्यंतच येईल. हा संदेश एक महिन्याची पूर्वसूचना समजावा. डिपॉझिट शेवटच्या महिन्याच्या फीत वळतं करावं." याला आलेलं साधं 'ओके ताई' पुढे पुरावा म्हणून कामाला येतं. तोंडी सांगून मूल पाठवणं बंद केलंत, तर डिपॉझिट गेलं असंच समजा.

फी यूपीआयने भरताना टिपणात महिना लिहा, 'जुलै फी' असं. रोख दिली तर पावती. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेचं बिल किंवा पावती न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे.

फी भरण्याआधी दोन जागा तपासा. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडी मोफत असते. दिवसभराची सोय होत नसली तरी काही तासांचा प्रश्न तिथे सुटू शकतो. दुसरी तुमची किंवा पत्नीची नोकरीची जागा. पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी असा कायदा आहे, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभाही. मनुष्यबळ विभागाला लेखी विचारा. न विचारणाऱ्याला कुणी आपणहून सांगत नाही.

शाळेला जोडलेल्या वर्गाची फी आणि स्वतंत्र पाळणाघराची फी यांत फरक आहे. राज्यात शाळांच्या फीसाठी शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ आहे आणि फीवाढ पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे यावी लागते. गल्लीतलं स्वतंत्र पाळणाघर म्हणजे तुमच्यात आणि त्यांच्यात झालेला करार, त्यामुळे तिथे कागदाला जास्त महत्त्व.

वाद झालाच तर

१. आधी हिशेब, मग राग. एका कागदावर ठरलेली रक्कम, दिलेली रक्कम, झालेलं काम किंवा दिलेले दिवस, आणि तुमच्या मते देणं-घेणं किती. ठेकेदाराबाबत अर्धवट कामाची मापं आणि फोटो. दुसऱ्या ठेकेदाराला काम देण्याआधी हे फोटो काढा, नंतर कुणाचं काय ते ओळखता येत नाही. दुसऱ्याकडून ते पूर्ण करण्याचा लेखी अंदाजही घ्या. नुकसानीचा आकडा त्यातूनच निघतो.

२. तो हिशेब समोरच्याला पाठवून आठ दिवसांची मुदत द्या. भाषा साधी. 'पोलिसात देतो' हे लिहू नका. पैशाचा वाद पोलीस दिवाणी म्हणून परत पाठवतात आणि तुमची धमकी मात्र कागदावर राहते.

३. उत्तर नाही आलं तर पंधरा दिवसांची लेखी नोटीस, स्पीड पोस्टाने, पोच मिळेल अशी. वकील लागतोच असं नाही.

४. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. इथे तक्रार नोंदवून समोरच्याकडे पाठपुरावा होतो. आदेश निघत नाही, पण छोट्या रकमेला कधी कधी एवढंही पुरतं.

५. जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत तक्रारीला शुल्क नाही. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे पुढे तुमची बदली झाली तरी सोलापूरच्या व्यवहाराची तक्रार नव्या गावातून करता येईल.

इथे एक मेख आहे. कामाची जबाबदारी घेणारा ठेकेदार आणि पाळणाघर यांची सेवा या कायद्यात येते. पण तुम्ही स्वतः रोजंदारीवर लावलेला गवंडी किंवा घरी येऊन मूल सांभाळणारी मावशी हा 'वैयक्तिक सेवेचा करार' ठरतो, तो कायद्यातून वगळला आहे. शाळेच्या फीची तक्रार नेली तर 'शिक्षण ही सेवा नव्हे' असा आक्षेप येतो, राष्ट्रीय आयोगाने २०२० मध्ये तसा निकाल दिला आहे. म्हणून पाळणाघराच्या तक्रारीत शिकवण्याबद्दल लिहू नका; सांभाळण्याचे तास, त्याचे पैसे आणि परत न दिलेलं डिपॉझिट एवढ्यावरच ती ठेवा.

६. रोजंदारीचे किंवा छोटे वाद जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व प्रकरण (खटला दाखल होण्याआधीच) म्हणून लोकअदालतीत नेता येतात. हे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात चौकशी केल्यावर सापडतं. स्त्रियांना मोफत विधी सहाय्य मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे पाळणाघराची तक्रार आईच्या नावाने केली तर वकिलाचाही खर्च वाचतो. लोकअदालतीत तडजोड झाली की ती न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखी असते आणि तिच्यावर अपील नाही. म्हणून सही करण्याआधी आकडा आणि पैसे मिळण्याची तारीख दोन्ही त्यात आहेत ना, ते बघा.

ग्राहक आयोगात तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत जायचं असतं, दिवाणी न्यायालयात पैशाच्या वसुलीला साधारण तीन वर्षं. ठेकेदार 'दिवाळीनंतर येतो' म्हणत राहिला तर ही मुदत त्याच्यासाठी थांबत नाही. काम शेवटचं कोणत्या दिवशी झालं ती तारीख उचलीच्या वहीत वेगळी लिहून ठेवा.